जुन्या रंगीत काचेच्या तावदानातलं शिसं, गज आणि तारा: सफाई आणि दुरुस्ती

रंगीत काचेचं जुनं तावदान साफ करायला घेतलं की सगळं लक्ष काचेकडे जातं. तावदान निकामी होतं ते मात्र बहुतेक वेळा धातूमुळे. काच शंभर-दीडशे वर्षं सहज टिकते. त्याआधी तिला धरून ठेवणारं शिसं थकतं, मागचे लोखंडी गज गंजतात आणि शिसं गजांना बांधणाऱ्या तांब्याच्या तारा सुटतात. म्हणून हा लेख धातूबद्दल आहे. काचेबद्दल इथे येईल ते धातूवर काम करताना तिला इजा होऊ नये एवढ्यापुरतंच.

मुंबईत अशी कामं पाहायची असतील तर भरपूर आहेत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये (१८५८) विल्यम वेल्स यांच्या इंग्लंडमधल्या कार्यशाळेतल्या काचा आहेत. विद्यापीठाच्या पदवीदान सभागृहात बारा राशींची गोल खिडकी आहे. शेजारी राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय (१८७८) आहे आणि पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (१८८८). राजाबाई टॉवरचं जतनकाम २०१५ मध्ये पूर्ण झालं. त्या काचा आता कशा दिसतात ते एकदा फोर्टात जाऊन नीट पाहून या. चांगल्या कामानंतरही शिसं राखाडीच असतं, चकचकीत नसतं, हे तिथे डोळ्यांनी दिसेल.

अशा वारसा यादीतल्या वास्तूला मात्र हात लावायचा नाही. तिथे मुंबई वारसा जतन समितीची परवानगी लागते आणि काम प्रशिक्षित जतनतज्ज्ञच करतात. पुढची माहिती आहे ती जुन्या बंगल्याच्या दारावरची झडप, जिन्यातली खिडकी, गावातल्या छोट्या चॅपेलचं साधं तावदान, किंवा चोर बाजारातून घरी आलेलं एखादं पॅनल यांच्यासाठी. तावदानावर चेहरे, हात, वस्त्रांच्या चुण्या किंवा अक्षरं रंगवलेली असतील, तर तेही तज्ज्ञाकडेच द्यावं. साध्या रंगीत काचांची भौमितिक किंवा फुलापानांची नक्षी असेल, तर बरंच काम काळजीपूर्वक घरी करता येतं.

आधी धातू ओळखा

कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांत, तसंच वाड्यांत दिसणाऱ्या रंगीत काचा बहुतेक वेळा लाकडी पट्ट्यांत बसवलेल्या असतात. त्यांत शिसं नसतं. तुमचं तावदान तसं असेल तर सुताराला बोलवा, या लेखाचा उपयोग नाही.

शिशाच्या तावदानात दोन काचांच्या मधून जी पट्टी जाते तिचा छेद इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा असतो. मध्ये कणा, दोन्ही बाजूंना काठ. काच या काठांच्या खाली खोबणीत बसते आणि उरलेल्या फटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असते. पट्ट्या एकमेकींना जिथे भेटतात तिथे डाख, म्हणजे सोल्डर, लावलेला असतो. नखाने न दिसणाऱ्या कोपऱ्यात हलकेच दाबून पाहा. शिशावर खूण उमटते. जस्त कडक आणि निळसर राखाडी असतं, त्यावर नख चालत नाही. बाहेरची चौकटपट्टी पुष्कळदा जस्ताची आणि आतलं सगळं शिशाचं, असंही आढळतं. पितळ आणि तांबं रंगाने ओळखू येतं, पण वरचा काळपट थर फसवतो. त्यामुळे कडेला, झाकल्या जागी पाहावं.

शिशाच्या पट्टीऐवजी प्रत्येक काचेच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळून वरून सलग डाख ओढलेला असेल, तर ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत टिफनी आणि ला फार्ज या काच-कलाकारांच्या काळात रुळलेलं तंत्र आहे. दिव्यांच्या छत्र्या बहुधा अशाच असतात. त्यांच्या डाखावरचा तांबूस किंवा काळा थर मुद्दाम रसायनाने आणलेला असतो. तो घासून काढला तर वस्तूचं मोल आणि रूप दोन्ही जातं. अशा छत्र्या कोरड्या मऊ ब्रशने झटकाव्यात आणि तिथेच थांबावं.

स्वतःला आणि घरच्यांना जपा

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. शिसं शरीरात साठत जातं आणि लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम कायमचा होतो. जुन्या पट्टीवरची पांढरी-राखाडी भुकटी, जुनी लांबी, जुना तेलरंग, या सगळ्यांत शिसं असू शकतं. डाख लावताना निघणाऱ्या धुरापेक्षा ही धूळ जास्त धोक्याची, कारण ती हाताला लागते, कपड्यांना चिकटते आणि घरभर फिरते.

काम स्वयंपाकघरात किंवा मुलं खेळतात त्या खोलीत करू नका. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी त्या जागेच्या आसपास येऊ नये. नायट्राइल हातमोजे, पी-१०० प्रतीच्या गाळण्यांचा मास्क आणि कामापुरते वेगळे कपडे हवेत. ते कपडे वेगळे धुवा. कामाच्या जागी चहा, पाणी, तंबाखू काही नको. झाडू मारायचा नाही, कोरडा पॉलिश पेपर घासायचा नाही. धूळ ओल्या फडक्याने टिपायची किंवा हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारी) गाळणी असलेल्या व्हॅक्युम क्लीनरने ओढायची. घरातल्या साध्या व्हॅक्युमने ती बारीक धूळ मागून पुन्हा हवेत येते. फडकी, कापूस, निघालेली लांबी जाड पिशवीत बंद करून ‘शिसे’ असं लिहून ठेवा आणि घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत व्यवस्थेकडे द्या. जुन्या पट्ट्या घरच्या शेगडीवर वितळवण्याचा उद्योग कोणीही करू नये. हे काम वारंवार करणार असाल तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. ती मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते.

नोंद केल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही

तावदानाचे दोन प्रकारे फोटो काढा. एकदा मागून उजेड येऊ देऊन, एकदा समोरून उजेड टाकून. पहिल्यात काचेचे तडे दिसतात, दुसऱ्यात शिशाचे. मग बॅटरी अगदी तिरपी धरून पृष्ठभागावरून फिरवा. पट्टी कुठे उचलली आहे, कुठे चीर आहे, तावदान कुठे फुगलं आहे, हे तिरप्या उजेडात लगेच कळतं.

पॅनल चौकटीतून बाहेर काढलेलं असेल तर त्यावर पातळ कागद पसरून मेणखडू आडवा फिरवा. पट्ट्यांचं जाळं जसंच्या तसं कागदावर उतरतं. या छापावर सुटलेला सांधा, फुटकी काच, गजाची जागा, ताराबंदाची जागा अशा खुणा लाल पेन्सिलने करा. पुढे काही सुटलंच तर कुठला तुकडा कुठे जातो हे या कागदावरून कळतं. ही छापपद्धत कार्यशाळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि फोटोच्या जमान्यातही तिला तोड नाही, कारण ती खऱ्या मापाची असते.

काचेवर रंग चढवलेला आहे का, तेही आत्ताच पाहायचं. भट्टीत भाजलेला रंग काचेत मुरलेला असतो, तरी जुना झाला की सुटू लागतो. न भाजता वरून लावलेला रंग तर ओल्या बोळ्यानेही निघतो. कोपऱ्यात, रंगाच्या एका ठिपक्यावर, पाण्याने जेमतेम ओलावलेला कापसाचा बोळा टेकवून पाहा, घासू नका. बोळ्यावर रंगाची छटा आली की काम थांबवा.

सफाई: किती आणि कशाने

शिसं हवेत आलं की काही दिवसांतच त्यावर राखाडी थर चढतो. हा थर आतल्या शिशाचं रक्षण करतो. तार-ब्रश, स्टील वूल किंवा पॉलिश लावून तो काढला, तर शिसं पुन्हा नव्याने झिजून नवा थर तयार करतं. दर घासणीत पट्टी पातळ होते आणि विषारी धूळ उडते ती वेगळीच. मला तर गडद, एकसारखं राखाडी शिसंच देखणं वाटतं. उजेड मागे असताना त्या काळ्या रेघांमुळेच रंग उठून दिसतात. तेव्हा शिशाची सफाई म्हणजे त्यावरची धूळ, काजळी, कबुतरांची घाण आणि चिकट थर काढणं, बस.

पहिला हात कोरडा. मऊ, रुंद, लांब केसांचा ब्रश घ्या. एका हाताने ब्रश, दुसऱ्या हाताने व्हॅक्युमची नळी जवळ धरा, म्हणजे धूळ उडायच्या आत ओढली जाईल. वरून खाली या. पट्टीच्या काठाखालून जुनी लांबी भुकटीसारखी गळत असेल तर तिथे ब्रश दाबू नका.

दुसरा हात ओला, पण अगदी बेताचा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार काचेवर आणि फटीत राहतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही दुकानात मिळतं, ते पुरेसं आहे. चिकट थर असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर आणि इथाइल अल्कोहोल अर्धं-अर्धं मिसळून घ्या. तेही पुरलं नाही तर एक लिटर पाण्यात नॉन-आयॉनिक, बिनवासाच्या साबणद्रावाचे दोन-तीन थेंब. बोळा बुडवून पिळून काढायचा, पट्टीवरून एकाच दिशेने फिरवायचा आणि मळला की फेकायचा. तोच बोळा पुन्हा बुडवला तर सगळं पाणी शिशाचं होतं. साबण वापरलेल्या जागी नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरचा बोळा फिरवा आणि लगेच सुक्या सुती फडक्याने टिपा. तावदानावर पाणी ओतणं, फवारणं, पाइप मारणं पूर्ण वर्ज्य. पाणी काठाखाली शिरतं, लांबीत मुरतं आणि गजांपर्यंत पोचतं.

आपल्या घरांत धातू साफ करायची जी साधनं असतात, त्यांतलं एकही इथे चालत नाही. चिंच, लिंबू आणि व्हिनेगर आम्लं आहेत आणि शिशाला सगळ्यांत जास्त खातं ते व्हिनेगरमधलं अॅसिटिक आम्ल. पितळ घासायच्या पावडरीचे कण शिसं आणि काच दोन्ही ओरबाडतात. टाइल्सचं अॅसिड तर बाटली उघडून जवळही ठेवू नका. काच पुसायच्या निळ्या फवाऱ्यांत बऱ्याचदा अमोनिया असतो. तो तांब्याला आणि पितळेला खातो, ताणाखालच्या पितळेला त्याने तडेही जातात. गंज काढायच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, त्याने काचच कोरली जाते.

पांढरी भुकटी दिसली तर

शिशावर खडूसारखी पांढरी पूड धरली असेल तर ती नुसती पुसून उपयोग नाही. ती शिशाचं कार्बोनेट आहे आणि आसपास कुठून तरी आम्लाची वाफ येत असल्याचं लक्षण आहे. ही वाफ नव्या लाकडातून येते, ओकमधून आणि सागवानातूनही. प्लायवुडमधून येते, नुकत्याच दिलेल्या रंगातून येते. आणि हल्ली सर्रास वापरतात त्या व्हिनेगरसारख्या वासाच्या सिलिकॉन सीलंटमधून तर हमखास. तावदान पेटीत किंवा काचेच्या दोन थरांत कोंडलेलं असलं की वाफ साठते आणि शिसं आतून भुसभुशीत होत जातं.

म्हणून आधी उगम शोधा. सिलिकॉन लावलेलं असेल तर ते प्लॅस्टिकच्या किंवा बांबूच्या पट्टीने काढा. नवी लाकडी चौकट केली असेल तर हवा खेळू द्या. त्यानंतर पूड किंचित ओल्या बोळ्याने, मास्क लावून टिपून घ्या. खालचं शिसं चमकेपर्यंत घासू नका. पट्टीचा काठ बोटाने दाबल्यावर चुरा होत असेल तर ती पट्टी संपली. ती बदलण्यासाठी तावदान उकलावं लागतं आणि ते घरचं काम नाही.

मुंबई-पुण्यात याहून जास्त वेळा भेटणारा प्रकार म्हणजे रंगाऱ्याने खिडकीबरोबर शिशालाही चढवलेला काळा, चंदेरी किंवा चक्क पांढरा ऑइल पेंट. तो सुटत असेल तर बांबूच्या टोकदार काडीने, भिंगाखाली, थोडा थोडा उचला. घट्ट असेल तर राहू द्या. हीट गन कधीही नको. शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं, डाख त्याच्या किती तरी आधी, आणि काच तर एका बाजूने तापली की तडकते. पेंट रिमूव्हरही नको, तो फटीत शिरून लांबी विरघळवतो.

तुटलेला सांधा: डाख कसा लावायचा

शिसं उन्हात काचेच्या सुमारे तिप्पट प्रसरण पावतं. रोज दुपारी फुगायचं, रात्री आकसायचं, असं शंभर वर्षं चाललं की ते थकतं. थकवा दिसतो तो नेमका डाखाच्या शेजारी, कारण डाखाची जागा कडक आणि पट्टी मऊ. सांध्याला लागून केसासारखी आडवी चीर पडते. वर्षानुवर्षं ती तशीच राहिली की काचेचं वजन शेजारच्या सांध्यावर जातं आणि मग एकामागून एक सांधे जातात. दोन-चार चिरा असतील तर डाख लावून सांभाळता येतात. निम्म्याहून जास्त सांधे गेले असतील, पट्टी जागोजागी उसवली असेल, तर पॅनल आडवं ठेवा आणि तज्ज्ञाला दाखवा.

साहित्य असं: तापमान नियंत्रण असलेलं ८० ते १०० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, चपट्या टोकाचं. ६०-४० कथील-शिशाची भरीव तार. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी, पोटात राळ भरलेली तार घेऊ नका. ६०-४० मिश्रण १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं आणि शिसं ३२७ला. याच फरकाच्या जोरावर पट्टी न वितळवता सांधा जोडता येतो. फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून आधी लावायचं द्रव्य) म्हणून ओलिक आम्ल किंवा स्टिअरिनची मेणबत्ती, दोन्ही सौम्य. पत्र्याची कामं करणारे जस्त विरघळवलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, ते इथे घातक आहे. त्याचे क्षार फटीत राहून पुढे कित्येक वर्षं धातू खात राहतात.

आयर्नचं टोक आधी कल्हई केलेलं हवं. नवसागराच्या वडीवर गरम टोक घासून त्यावर डाखाचा पातळ थर चढवा, अगदी कल्हईवाले भांड्याला करतात त्याच पद्धतीने. हे तावदानापासून लांब, उघड्या हवेत करा, कारण नवसागराची वाफ धातूलाही नको आणि फुप्फुसांनाही नको.

आता जुन्या शिशाचा एखादा फालतू तुकडा घ्या आणि त्यावर हात बसेपर्यंत सराव करा. आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा. टोक आणि शिसं यांच्यामध्ये नेहमी वितळलेला डाख असला पाहिजे. नुसतं टोक शिशाला टेकलं तर भोक पडतं. सराव पुरेसा झाला हे कसं ओळखायचं? सलग दहा सांधे गुळगुळीत, बसके, पट्टीच्या काठांना धक्का न लावता आले की मगच खऱ्या तावदानाकडे वळा.

तावदानावर काम करताना पॅनल आडवं, सपाट, सगळीकडून आधार दिलेलं असावं. उभ्या खिडकीत डाख खाली ओघळतो आणि काच तापते. चिरेच्या दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटरपर्यंतच धारदार चाकूने वरचा थर खरवडा, शिसं उजळ होईस्तोवर. अख्ख्या तावदानात शिसं उजळ करायची परवानगी आहे ती एवढ्याच जागी, कारण राखाडी थरावर डाख धरत नाही. खरवड ओल्या बोळ्याने लगेच टिपा. फ्लक्सचा एक ठिपका लावा. डाखाची तार सांध्यावर आडवी धरून वरून टोक टेकवा, एक-दोन सेकंद, आणि सरळ वर उचला. ब्रशने रंगवल्यासारखं फिरवत बसू नका. पहिल्यांदा नीट बसलं नाही तर पूर्ण गार होऊ द्या, मग पुन्हा. एकाच जागी उष्णता साठली की खालची काच तडकण्याचा धोका वाढतो.

चीर रुंद असेल तर नुसत्या डाखाने भरू नका, ती पुन्हा उसवेल. जुन्या पट्टीचा काठ कापून त्याची छोटी चकती करा, चिरेवर बसवा आणि दोन्ही टोकांना डाखाने टाचा. शेवटी फ्लक्सचा चिकटपणा अल्कोहोलच्या बोळ्याने काढा. नवा डाख काही महिने चमकेल, मग आपोआप मंद होईल. त्याला काळं करायची रसायनं मी टाळतो, कारण ती शेजारच्या जुन्या शिशावर डाग पाडतात.

पॅनल उकललं गेलंच, तज्ज्ञाकडे का होईना, तर निघालेल्या पट्ट्या मागून घ्या. सोळाव्या-सतराव्या शतकापासून पट्ट्या चरकातून ओढून काढू लागले. चरकाच्या दातांच्या खुणा कण्यावर राहतात आणि युरोपातल्या काही जुन्या पट्ट्यांवर कारागिराचं नाव आणि सालही सापडलं आहे. निदान एक वीतभर नमुना, कुठून काढला ते लिहून, पॅनलबरोबर ठेवावा.

गज आणि तारा

मोठ्या तावदानाच्या मागे आडवे लोखंडी गज असतात आणि पट्ट्यांच्या सांध्यांवर डाखलेल्या तांब्याच्या तारा त्या गजांना पिळून बांधलेल्या असतात. सगळा वाऱ्याचा मारा हे गज घेतात. तारा तुटल्या की तावदान वाऱ्याबरोबर आतबाहेर हलतं आणि काही वर्षांत फुगतं. म्हणून मोडलेली तार ही मला फुटक्या काचेपेक्षा तातडीची बाब वाटते. काच फुटली तर एक तुकडा जातो, तार सुटली तर सगळं तावदान ढिलं होतं.

समुद्राकाठच्या शहरांत गजांचा प्रश्न जास्त कठीण. खारी हवा, चार महिने पाऊस, आणि लोखंडाला टेकलेलं तांबं नि शिसं. अशा जोडीत गंजतं ते लोखंड. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. भिंतीत किंवा दगडात रोवलेलं गजाचं टोक गंजून फुगलं की दगड फुटतो, लाकूड उकलतं. टोकाजवळ दगडाला चीर दिसली तर ते बांधकामाचं काम आहे. गवंड्याकडून सिमेंट थापून घेऊ नका, आत गंज चालूच राहील.

वरवरचा गंज मात्र काढता येतो. गज सुटा होत असेल तर ताराबंद उलट पिळून हलकेच सोडा. जुनी तार ताठ झालेली असते, एकदा सरळ केली की दुसऱ्यांदा वाकवताना तुटते, तेव्हा नवी तार हाताशी ठेवा. गज खिडकीपासून लांब नेऊन तार-ब्रशने आणि कानशीने घासा. जुना लाल थर असेल तर तो शेंदराचा, म्हणजे शिशाच्याच ऑक्साइडचा असण्याची शक्यता धरून ओला करूनच खरवडा. लोखंड उघडं पडलं की त्याच दिवशी झिंक फॉस्फेट प्रायमर द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग वरचे दोन हात. रंग पूर्ण वाळेपर्यंत, निदान आठवडाभर, गज परत बसवू नका. ताज्या रंगाची वाफ शिशाला काय करते ते वर आलंच आहे.

गज सुटत नसेल तर त्याच्या मागे, काच आणि गज यांच्यामध्ये, जाड पुठ्ठा आणि प्लॅस्टिक सरकवा. घासताना व्हॅक्युमची नळी टोकाशी धरा. गंज बदलणारी फॉस्फोरिक आम्लाची द्रव्यं अशा जागी नकोत, एक ओघळ शिशावर गेला तरी नुकसान होतं.

निम्म्याहून जास्त खाल्लेला गज बदलावा. त्याच जाडीचा, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा किंवा कांस्याचा करून घ्या. साधं स्टेनलेस मुंबईच्या हवेत डागाळतं. नवी तार सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची, तांब्याची, लालबुंद तापवून गार केलेली, म्हणजे ती मऊ राहते. तिचा मधला भाग सांध्यावर डाखाने बसवा, दोन्ही टोकं गजाभोवती आणून पिळा. पीळ दोन-अडीच वेढ्यांचा, घट्ट पण गळफास नको. शिशाला उन्हात हलायला किंचित सैल जागा लागते. उरलेलं टोक कापून गजालगत दाबून टाका.

लांबी

धातू कितीही नीट केला तरी फटी उघड्या राहिल्या तर पाणी आत येतं. व्हायटिंग, म्हणजे धुतलेल्या खडूची पूड, आणि उकळलेलं जवसाचं तेल एकत्र मळून कणकेसारखी लांबी करा. काळपटपणासाठी चिमूटभर काजळी. अंगठ्याने काठाखाली दाबून भरा. एका हाताने काच आतून तोलून धरा. मग बांबूच्या काडीने काठालगतची जादा लांबी कापून काढा आणि वरून कोरडी व्हायटिंग भुरभुरून मऊ ब्रशने तेल टिपून घ्या. कार्यशाळेत पातळ लांबी ब्रशने सगळ्या पॅनलवर चोळतात, पण ती नव्या पॅनलची रीत. जुन्या तावदानावर, विशेषतः रंगवलेल्या काचेवर, ती वापरू नये.

हे काम दिवाळीनंतर काढा. पावसाळी हवेत जवसाचं तेल आवळून यायला फार वेळ घेतं आणि लांबीवर बुरशी धरते. कोरड्या हवेतही दोन-तीन आठवडे पॅनल उभं करू नये. तेलाने माखलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेतो. ती पाण्यात बुडवून ठेवा किंवा एकेक उघड्यावर पसरून वाळवा.

पितळेच्या कड्या, बिजागऱ्या, खिट्ट्या यांचं काम सोपं. त्या तावदानापासून सुट्या करता आल्या तरच साफ करा. कळंकाचा हिरवा थर बांबूच्या काडीने आणि अल्कोहोलने काढा, मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात देऊन सुती फडक्याने चोळा. मेण काचेवर लागू देऊ नका.

परत बसवताना आणि नंतर

किंचित फुगलेलं, पण घट्ट तावदान तसंच ठेवा. फुगवटा हाताने दाबून सरळ करायला गेलात की सांधे सुटतात आणि काचा तडकतात. फुगवट्याच्या जागी फटी उघड्या असतील, किंवा बोटाने दाबल्यावर काच खुळखुळत असेल, तर मात्र तो वाढतो आहे.

बसवताना सिलिकॉन वापरू नका, तीच जवसाची लांबी वापरा. खालच्या चौकटीत पाणी निघून जायची छिद्रं असतात. बऱ्याचदा ती रंगाने बुजलेली असतात, तारेने मोकळी करा. कबुतरांपासून आणि चेंडूपासून वाचवायला बाहेरून अॅक्रिलिक किंवा साधी काच लावायची पद्धत आहे. लावायचीच तर वर आणि खाली हवेला वाट ठेवा आणि मध्ये दोन-तीन इंच अंतर सोडा. बंद पोकळीत ऊन साठतं, पाणी धरतं आणि धातू झपाट्याने जातो.

दरवर्षी दोनदा तावदान पाहा. मे महिन्यात, पावसाआधी, तारा आणि फटी. ऑक्टोबरात गजांवरचा ताजा गंज आणि पट्ट्यांवरची पांढरी पूड. पहिल्या वेळी काढलेला मेणखडूचा छाप सोबत ठेवा आणि नवीन खुणा वेगळ्या रंगाने, तारखेसह, त्यावरच करा. एखाद्या सांध्याची चीर दोन वर्षांत लांबली आहे का हे आठवणीवर सोडायची गोष्ट नाही.